जुळता रिपोर्ट

राज्य पोलीस अकादमी
९ जानेवारी

प्रिय अर्लनमामा,

परवा फोनवर मी तीनदा "पास झाले" म्हणून ओरडले आणि तू तीनदा "बास? कशाला बास?" विचारलंस. बराकीतल्या पोरी हसून लोळायच्या बाकी होत्या. तेव्हा आता पत्रंच बरी. तुझ्या कानांनाही त्रास नको आणि माझ्या घशालाही.

पास झाले म्हणजे शारीरिक चाचणी पास झाले. बाहेर नाकातल्या नाकात श्वास गोठतोय, म्हणून धावणं व्यायामशाळेतच, घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. मग जोर, मग उठाबशा. तुकडीत मीच सगळ्यांत म्हातारी, तेहेतीस वर्षांची. बाकीचे कालच शाळेतून सुटल्यासारखे दिसतात. मला 'आजी' म्हणतात. धावताना मात्र त्यातले निम्मे आजीच्या मागे असतात.

इतकी वर्षं केस्टर काउंटीच्या वायरलेसवर बसून मी तुम्हा डेप्युटी लोकांना विचारत आले, कुठे आहेस, काय दिसतंय, मदत पाठवू का. आता तिथे स्वतः उभं राहायचं आहे. शेरीफ कुपफरने नेमणूक दिलीय ती अटीवर. वर्षाच्या आत राज्याचं प्रमाणपत्र मिळालं तर डेप्युटी, नाही तर घरी. वायरलेसवरची माझी खुर्ची त्याने आधीच दुसरीला देऊन टाकलीय.

कायदा शिकवणाऱ्या बाई कडक आहेत. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "नेम चुकला तर परत शिकवता येतो. खोटं बोलताना सापडलात तर राज्य तुमचं प्रमाणपत्र काढून घेतं, आणि मग या राज्यात तुम्ही शाळेबाहेरची वाहतूकसुद्धा अडवू शकत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आई असती तर म्हणाली असती, माझं आडनाव लावलंस ते ठीक, पण त्या खात्याला अर्लन हा एक टोरविक पुरे होता.

तुझी सोल्वी


लँगफर्ड
१७ जानेवारी

सोल्वी पोरी,

पत्र पोचलं. इथल्या वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या खोलीतली हॅरिएट म्हणते की मी फार मोठ्याने वाचलं. तिला माझा टीव्ही मोठा वाटतो, माझं खोकणं मोठं वाटतं. इथे मंगळवारी खिमा-बटाट्याचा हॉटडिश देतात, त्यात खिमा शोधायला मात्र तिला माझी मदत लागते.

आमच्या वेळी अकादमी-बिकादमी नव्हती. जुन्या शेरीफने मला गाडीची किल्ली दिली, बॅटरी दिली आणि त्याच्या भावाचा कोट दिला. झालो डेप्युटी. पुढे राज्याने प्रमाणपत्राचं खूळ काढलं आणि आम्हा घोड्यांना बाकांवर बसवलं. मी दुसऱ्या खेपेला पास झालो. हे तुझ्या आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, तू कोणाला सांगू नकोस.

ड्वेन कुपफर आज शेरीफ आहे, पण बर्फावर गाडी कशी वळवायची ते त्याला मी शिकवलं. माणूस वाईट नाही. आपल्या लोकांना धरून असतो.

एक सांगतो. परीक्षा असते ती तुझ्या बाईंची. खरं खातं म्हणजे गाडीत तुझ्या शेजारी बसलेला माणूस. वीस मैलांत दुसरं कोणी नसतं तेव्हा तोच असतो. त्याला सांभाळ म्हणजे तो तुला सांभाळेल.

अर्लनमामा


वेल्डा, केस्टर काउंटी
२४ एप्रिल

प्रिय मामा,

मिळालं. प्रमाणपत्र देणाऱ्या राज्य मंडळाचा शिक्का, खाली सही, मधोमध माझं नाव, तेही नीट लिहिलेलं. बिल्ला शेरीफनेच लावला. लावताना म्हणाला, "अर्लनची भाची आहे, म्हणजे अर्धं शिक्षण घरीच झालंय." सगळे हसले. तू तिथे असायला हवा होतास.

हे मिळालं की सुटले असं मला वाटायचं. तसं नाही. दर वर्षी इतके तास शिक्षण, दर वर्षी नेमबाजी, नाही केलं तर प्रमाणपत्र स्थगित. आणि पहिलं वर्ष प्रोबेशन. त्या वर्षात शेरीफ काहीही कारण न देता घरी पाठवू शकतो.

मला शिकवायला ट्रेंट होलबर्ग दिलाय. तू निवृत्त झाल्यावर आलेला. शहाणा आहे, रस्ते पाठ आहेत, कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नुसता भुंकतो तेसुद्धा सांगतो. फक्त लोकांशी बोलताना त्याचा एक हात सतत त्यांच्या खांद्यावर असतो. मला आधी वाटलं, आपुलकी आहे. मग बघितलं तर समोरचे खांदा आखडून उभे असतात.

असो. मी नवीन आहे. तुझ्यासाठी लेफ्से पाठवतेय, बटाट्याच्या पोळ्या, आईच्या तव्यावरच्या. हॅरिएटबाईंनाही दे.

सोल्वी


वेल्डा
३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

उन्हाळाभर पत्र नाही, रागावू नकोस. आज लिहितेय कारण तुझ्याशिवाय विचारायला कोणी नाही.

साखरेच्या बीटची काढणी चालू आहे. तुला माहीत आहे रस्ते कसे होतात, ट्रकच्या चाकांनी सगळीकडे चिखल. गुरुवारी दुपारी ट्रेंटने एक बीटचा ट्रक थांबवला. मागचा दिवा फुटलेला होता, एवढंच. ड्रायव्हर लायनेल अझूर, आदिवासींच्या राखीव वस्तीवरचा माणूस, चाळिशीचा. ट्रेंट म्हणाला खाली उतर. तो हळूहळू उतरायला लागला. म्हणाला, "गुडघा आखडलाय, साहेब, पहाटेपासून बसून आहे." ट्रेंटने त्याला कॉलरला धरून ओढलं. बेड्या मी घातल्या, मामा. त्याचे हात पाठीमागे होते आणि तो काही करत नव्हता. मला म्हणाला, "जरा सैल करता का?" मी सैल करायला किल्ली काढत होते, तेवढ्यात ट्रेंटने त्याचं डोकं धरून ट्रकच्या लोखंडी पायरीवर आपटलं. मग परत. मी म्हणाले, "ट्रेंट, बास." तो थांबला नाही. मी त्याचा हात धरला तेव्हा थांबला.

लायनेलचा डावा डोळा वाचला नाही.

मी जे झालं ते लिहिलं. ट्रेंटने लिहिलं की बेड्या घालण्याआधी लायनेलने कोपर मारलं आणि माझ्या बंदुकीला हात घातला. आज शेरीफने मला बोलावलं. दोन्ही रिपोर्ट टेबलावर होते.

"सोल्वेग, हे जुळत नाहीत."

"मी दिसलं ते लिहिलं."

"ऊन डोळ्यावर असेल."

"ऊन पाठीवर होतं."

"मग दमलेली असशील. पहिलीच मारामारी होती तुझी. पहिल्या वेळी सगळ्यांना उलटसुलट आठवतं."

"मारामारी नव्हतीच ती, शेरीफ. त्याला बेड्या होत्या."

त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "हे बघ. त्या अझूरवर सरकारी माणसावर हल्ल्याचा गुन्हा लागलाय. तुझा रिपोर्ट असाच गेला तर गुन्हा ट्रेंटवर उलटतो. गाडीतला कॅमेरा ट्रकच्या मागच्या बाजूकडे होता, त्यात काही नाही. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. तू प्रोबेशनवर आहेस. मी तुला आज सोडलं तर राज्याला कळवावं लागतं, आणि प्रोबेशनमध्ये सोडलेल्याला कुठला शेरीफ घेतो? घरी जा. झोप. सोमवारी नीट आठवून लिही."

मी काय करू? लवकर लिही.

सोल्वी


लँगफर्ड
६ ऑक्टोबर

सोल्वी,

हे पत्र मी जलद टपालाने पाठवतोय, तुला सोमवारच्या आत मिळावं म्हणून.

सही कर.

तुला हे आवडणार नाही, पण ऐक. तू आत्ता नवीन आहेस. आत्ता काढून टाकली तर तुझं सगळं शिक्षण, धावणं, सगळं पाण्यात. आणि त्या अझूरचा डोळा काही परत येणार नाही. तू आत राहिलीस तर पुढच्या वेळी ट्रेंटचा हात तू आधी धरशील. बाहेर राहून कोणाचा हात धरणार? माझ्या वेळीही अशा गोष्टी झाल्या. प्रत्येक वेळी मी कागदावर भांडलो असतो तर तुझ्या आईला शाळेत घालायला माझ्याजवळ पगार नसता.

ड्वेनने तुला समजावून सांगितलं. दुसऱ्या कोणी सरळ हाकललं असतं.

ट्रेंटशी जुळता रिपोर्ट लिही, सही कर आणि त्यावर विचार करत बसू नकोस.

अर्लनमामा


वेल्डा
१२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

केली.

सोल्वी


वेल्डा
२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी नाताळातली दोन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं कळत नव्हतं. आता कळतंय, पण तुला आवडणार नाही.

लायनेल अझूर अजून काउंटीच्या तुरुंगातच आहे. त्याच्याकडे जामिनाला पैसे नाहीत. या महिन्यात माणसं कमी म्हणून मला तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीवर बसवलं होतं. त्याची आई दर शनिवारी येते. लहानशी बाई, मोठा कोट. गेल्या शनिवारी भेट संपल्यावर ती खिडकीशी थांबली. माझ्या छातीवरचं नाव वाचलं.

"टोरविक. म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या तुम्हीच."

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. त्याने खरंच बंदुकीला हात घातला?"

मी म्हणाले, "रिपोर्टमध्ये तसं आहे, बाई."

ती म्हणाली, "मी रिपोर्टचं नाही विचारलं."

आणि ती तशीच उभी राहिली, मामा. रागावली नाही, रडली नाही. उत्तराची वाट बघत उभी. मागे लोक होते. मी म्हणाले, "पुढचे कोण?" तेव्हा ती गेली.

सोमवारी मी सरकारी वकिलाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. पहिला रिपोर्ट, दुसरा रिपोर्ट, मधला शेरीफ. त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?"

"हो. ट्रेंट होलबर्गने..."

"नाही. तुम्हाला वाटतंय तुम्ही होलबर्गबद्दल सांगताय. तुम्ही स्वतःबद्दल सांगताय. सही करून खोटं दिलं म्हणताय. हे मला मंडळाला कळवावंच लागेल, आणि पुढे कुठल्याच खटल्यात मी तुम्हाला साक्षीला उभं करू शकणार नाही."

"आणि अझूर?"

"त्याच्यावरचा गुन्हा आता टिकत नाही. सुटेल महिन्याभरात."

मी म्हणाले, मग कळवा.

ते ऐकून बरं वाटलं, असं तुला सांगायचं होतं. बाहेर येऊन गाडीत बसले आणि आधी छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात ठेवली.

सोल्वी


लँगफर्ड
४ मार्च

सोल्वेग,

तुला वेड लागलंय का? एकदा सही केलीस ना? मग ती खोटी असो की खरी, तीच धरून राहायचं. दोन वेगवेगळी तोंडं असलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? पहिल्यांदा नकार दिला असतास तर वाईट वाटलं असतं पण मान राहिला असता. आता ना नोकरी ना मान.

मला विचारायचं तरी होतंस.

अर्लन टोरविक


वेल्डा
१९ मे

प्रिय मामा,

तुला विचारलं होतं. ऑक्टोबरमध्ये.

भांडायला लिहीत नाही. शेरीफने मला काढलं ते तुला कळलंच असेल. राज्याला पाठवलेल्या कागदावर कारण लिहिलंय 'अप्रामाणिकपणा'. आता मंडळाची नोटीस आलीय, प्रमाणपत्र रद्द का करू नये म्हणून. सुनावणी १४ जुलैला, राजधानीत. ट्रेंटची चौकशी तीन आठवड्यांत संपली. त्याचा रिपोर्ट पहिल्यापासून एकच आहे, आणि त्याच्या विरुद्ध बोलणारी एकटी मी, जिने स्वतः खोटं लिहिल्याचं कबूल केलंय. त्याला निर्दोष सोडलं.

अझूर मार्चमध्ये सुटला.

मला एक वकील बाई मिळाल्यात. मी त्यांना तुझं ऑक्टोबरचं पत्र दाखवलं. वाटलं, यावरून कळेल की माझ्यावर दबाव होता. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "हे घरीच ठेवा. यावरून एवढंच सिद्ध होतं की सही करताना ते खोटं आहे हे तुम्हाला नक्की माहीत होतं." पण त्या असंही म्हणाल्या की जुना, मान असलेला माणूस येऊन बोलला तर फरक पडतो. खात्यात नवीन माणसावर कसा दबाव येतो, शेरीफने 'घरी जा, नीट आठव' म्हटलं म्हणजे काय म्हटलं, हे त्यांना सांगणारा कोणीतरी हवा. मग कदाचित प्रमाणपत्र रद्द करण्याऐवजी काही महिने स्थगित करतील. म्हणजे कधीतरी परत उभं राहता येईल.

मामा, तू अठ्ठावीस वर्षं बिल्ला लावलास. तुझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. ये. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल, प्रश्न लिहून देतात. मी न्यायला येईन.

सोल्वी


लँगफर्ड
२ जून

सोल्वी पोरी,

मार्चमधलं पत्र रागात लिहिलं. रात्री जेवण गेलं नाही त्यानंतर.

येतो. न्यायला येऊ नकोस, तुला उलटं पडतं. इथली गाडी दवाखान्याच्या कामाला राजधानीत जाते, त्यांनी जागा ठेवलीय. हॅरिएटने माझा खात्यातला टाय शोधून त्याला इस्त्री केली आणि त्यावर सूप सांडून परत धुतला. काय बोलायचं ते मी कागदावर काढतोय. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. हॅरिएट म्हणतेय, तिसऱ्यांदा छान होईल.

तू जेवतेस ना नीट?

मामा


लँगफर्ड
८ जुलै

प्रिय सोल्वी,

गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणतात एवढा प्रवास नको, रक्ताची गाठ होऊ शकते. माझ्या वयात काही सांगता येत नाही. मंडळाचे लोक समजूतदार असतात, तुझं बोलणं ऐकून ते बरोबर ठरवतील. तू स्वच्छ बोल, रडू नकोस, कोणाला दोष देऊ नकोस.

इकडे ऊन फार आहे.

मामा

ता. क. परवा ड्वेन कुपफर आला होता भेटायला. डोनट आणले होते सगळ्यांसाठी. दोन तास बसला. जुन्या गोष्टी निघाल्या. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही.


वेल्डा
१६ जुलै

मामा,

सुनावणी झाली. तुला सांगायला हवी म्हणून सांगते.

साधी खोली, टेबलावर पाण्याचे ग्लास, मंडळाची तीन माणसं आणि मंडळाचा वकील. वकील बाईंनी आधीच तुझं नाव साक्षीदारात दिलं होतं. त्यामुळे माझ्या शेजारी एक खुर्ची होती. पुकारा झाला, "अर्लन टोरविक." कोणी उठलं नाही. वकील बाई म्हणाल्या, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मंडळाच्या वकिलाने विचारलं, "डॉक्टरांचं पत्र आहे का?" नव्हतं. त्याने काहीतरी लिहून घेतलं.

मग मला प्रश्न.

"दुसरा रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहिलात?"

"हो."

"कोणी हात धरून लिहायला लावलं?"

"नाही."

"खोटं आहे हे माहीत होतं?"

"हो."

"अकादमीत याचे परिणाम शिकवले होते?"

"पहिल्याच तासाला."

मी म्हणाले की खरं सांगायला मी स्वतःच गेले, मला कोणी पकडलं नव्हतं. तो म्हणाला, "ती चांगली गोष्ट आहे. पण आज आपण इथे ते ठरवायला बसलेलो नाही."

शेरीफ साक्षीला आला. म्हणाला, मी फक्त नीट आठवायला सांगितलं होतं, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. बाहेर निघताना मला म्हणाला, "मामाचा गुडघा बरा दिसला मला. अंगणात फिरून दाखवलं त्याने."

मी आता काही विचारत नाही. तूही काही लिहू नकोस त्याबद्दल.

सोल्वेग


लँगफर्ड
२० ऑगस्ट

प्रिय सोल्वेग,

तू लिहू नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही. ड्वेनला पहिल्यापासून जास्त बोलायची सवय आहे.

दुसरंच सांगायचं आहे. काउंटीने नवीन नेमबाजीचं मैदान बांधलंय, गावाबाहेर जुन्या खडीच्या खाणीत. दर वर्षी सगळ्या डेप्युटींना प्रमाणपत्र राखायला तिथेच नेमबाजीची परीक्षा द्यावी लागणार. त्याला माझं नाव देतायत. 'अर्लन टोरविक मैदान'. जुलैमध्येच ठरलं होतं, पण नक्की झाल्याशिवाय तुला सांगायचं नव्हतं. एक ऑक्टोबरला उद्घाटन आहे. तू आलीस तर मला बरं वाटेल. आपल्या घरातलं दुसरं आहे कोण?

मामा


वेल्डा
९ सप्टेंबर

मामा,

मंडळाचा निकाल आला. प्रमाणपत्र कायमचं रद्द. नाव देशभरच्या यादीत जातं, म्हणजे दुसऱ्या राज्यातही नाही. एका ओळीत लिहिलंय की उशिरा का होईना सत्य सांगितल्याची नोंद घेण्यात आली.

ट्रेंटला सार्जंट केलंय. नव्या मैदानावर नेमबाजी तोच शिकवणार आहे. हे शेरीफने तुला जुलैमध्ये सांगितलं होतं का, मला माहीत नाही. विचारत नाही.

एक ऑक्टोबरला मला काम आहे.

सोल्वेग


लँगफर्ड
४ ऑक्टोबर

सोल्वी,

हे पत्र फाडू नकोस, पूर्ण वाच.

मी गेलो होतो. त्यांनी गाडी पाठवली. ट्रेंट होलबर्ग स्वतः आला, मला हाताला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यावर शाल टाकली. मी त्याचा हात बघत होतो. चांगला मोठा, स्वच्छ हात. नखं कापलेली. वाटेत काहीतरी बोलत होता, मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलं नाही.

फलक मोठा आहे. ड्वेन बोलला, काउंटीचा अध्यक्ष बोलला. मग माझ्या हातात माईक दिला. हॅरिएटने दोन ओळी लिहून दिल्या होत्या, आभाराच्या. मी त्या वाचल्या नाहीत. मी म्हणालो, माझ्या भाचीने खोट्या रिपोर्टवर सही केली ती मी सांगितलं म्हणून. तिने आधी खरं लिहिलं होतं. ड्वेनने बदलायला लावलं आणि मी तिला पत्र लिहून सही कर म्हणालो. तिच्या सुनावणीला मी गेलो नाही. माझा गुडघा ठीक होता. मला हा फलक हवा होता.

एवढंच बोललो. तीस-चाळीस माणसं होती, बायकामुलं होती. कोणाचा चेहरा बदलला नाही. मला वाटलं माईक बंद आहे. ड्वेनने हसून माझ्या पाठीवर हात ठेवला, माईक घेतला, काहीतरी म्हणाला, लोक हसले. प्रेमाने हसले, सोल्वी, म्हाताऱ्याला हसतात तसे. मग टाळ्या वाजवल्या. मी बघत होतो, सगळे वाजवत होते. मग केक कापला.

येताना गाडीत ट्रेंटने मला कागदावर लिहून विचारलं, 'दमलात का?'

मी मंडळालाही पत्र पाठवलंय. हेच सगळं लिहिलंय, सही करून.

मामा


वेल्डा
१५ ऑक्टोबर

मामा,

पत्र वाचलं, पूर्ण वाचलं. मंडळाला पाठवलेल्याचं उत्तर वकील बाईंकडे आलं. फेरविचाराची मुदत संपली आहे आणि साक्ष नोंदवायची संधी चौदा जुलैला दिली होती, असं त्यात आहे. तुला ते वेगळं पाठवतीलच.

तू बोललास ते बरं केलंस, असं मला लिहायचं होतं. तीनदा लिहून खोडलं. बरं केलंस की नाही मला माहीत नाही. सुनावणीच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पाण्याचा ग्लास ठेवला होता, कारण ती रिकामी बघवत नव्हती. तेच डोळ्यांसमोर येतं. थंडी पडली की येईन तुझ्याकडे. आत्ता नाही.

काम लागलंय. बीटचा ट्रक चालवते. शेतातून भरायचा, कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबायचं, खाली करायचा, परत शेतात. काट्याच्या खिडकीत लायनेल अझूर बसतो. एका डोळ्याच्या माणसाला ट्रक चालवायचा परवाना मिळत नाही, म्हणून कारखान्याने त्याला तिथे बसवलंय. पहिल्या दिवशी मला कळलं नव्हतं. काच खाली केली, पावती घ्यायला हात बाहेर काढला आणि तो समोर.

त्याने ओळखलं. पावती हातात धरून ठेवली, दिली नाही.

मी म्हणाले, "अझूर, मी त्या वेळी..."

तो म्हणाला, "ऑक्टोबर ते मार्च."

"हो."

"आई दर शनिवारी यायची. रस्त्यावर बर्फ असला तरी."

"माहीत आहे. मी खिडकीवर होते."

"तुमची नोकरी गेली म्हणे."

"हो."

त्याने मान हलवली, जसं एखादा पत्ता बरोबर आहे म्हणून हलवतात. मला वाटलं आणखी काही बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याने पावतीवर वजन लिहिलं, पुढे केली आणि माझ्या मागे बघितलं.

"घ्या पुढे," तो म्हणाला. "रांग लागलीय."

दिवसात सहा-सात खेपा होतात.

सोल्वी